रक्तशर्करेचे मापन : प्रयोगशाळेतून रुग्णाच्या हाती

वैज्ञानिक उपकरणांचा इतिहास बहुधा शोधकांची नावे आणि शोधांचे सन यांच्या मालिकेच्या रूपाने सांगितला जातो. अशा मालिकेत एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर जाणे इतके सहज वाटते, की मधल्या काळात काही अडले होते काय, आणि अडले असल्यास ते कशामुळे, हा प्रश्न वाचकाच्या मनात उद्भवतच नाही. रक्तातील ग्लुकोज मोजणाऱ्या जैवसंवेदकाचा इतिहास या दृष्टीने पुन्हा तपासून पाहण्याजोगा आहे. ज्या तत्त्वावर हे उपकरण आधारलेले आहे ते क्लार्क व लायन्स यांनी १९६२ मध्ये मांडले. त्या तत्त्वावरचे, खिशात मावणारे व रुग्णाने स्वतः वापरावयाचे उपकरण मात्र १९८७ मध्ये बाजारात आले. मध्ये पंचवीस वर्षे गेली. हा विलंब केवळ तांत्रिक अडचणींमुळे झाला, असे सामान्यतः समजले जाते. हे उत्तर खोटे नाही, परंतु ते अपुरे आहे, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे. रुग्णाने स्वतःच्या रक्ताचे मापन स्वतः करावे, ही गरज म्हणूनच त्या काळच्या वैद्यकाला दीर्घकाळ मान्य नव्हती; आणि ज्या गोष्टीची गरज मान्य नाही तिच्यासाठी कोणी उपकरण घडवीत नाही.

१. मूत्रपरीक्षेचा काळ

मधुमेहाचे निदान मूत्राच्या गोडीवरून करण्याची परंपरा अतिशय जुनी आहे. चरकसंहितेच्या निदानस्थानात प्रमेहाच्या पूर्वरूपांमध्ये शरीराकडे व मूत्राकडे मुंग्या आकृष्ट होणे या लक्षणाचा समावेश आहे. येथे परीक्षेचे साधन म्हणजे निसर्गातील एक जीवच होय. युरोपात टॉमस विलिस यांनी १६७४ मध्ये मधुमेही रुग्णाच्या मूत्राची मधुर चव नोंदविली, आणि १७७६ मध्ये मॅथ्यू डॉब्सन यांनी असे मूत्र आटवून मागे राहिलेला पदार्थ शर्करा असल्याचे दाखविले. रुग्णाच्या रक्तरसालाही गोडी असते, हे डॉब्सन यांचे दुसरे निरीक्षण अधिक महत्त्वाचे होते. त्यामुळे या विकाराचा संबंध केवळ मूत्रपिंडाशी नसून सबंध शरीराशी आहे, असा तर्क करणे शक्य झाले. १८१५ मध्ये शेव्ह्रल यांनी ही शर्करा द्राक्षशर्करा, म्हणजेच ग्लुकोज, असल्याचे सिद्ध केले.

एकोणिसाव्या शतकात चवीची जागा रसायनाने घेतली. ग्लुकोज हे क्षपणकारी द्रव्य असल्याने ते अल्कधर्मी द्रावणातील ताम्रलवणाचे क्षपण करते, या गुणावर फेलिंग यांची व पुढे बेनेडिक्ट यांची परीक्षा आधारलेली होती. बेनेडिक्ट यांचे निळे द्रावण मूत्राबरोबर उकळले असता ते शर्करेच्या प्रमाणानुसार हिरवे, पिवळे वा विटेसारखे तांबडे होते, हा अनुभव रसायनाच्या विद्यार्थ्याला नवा नाही. १९२२ च्या जानेवारीत टोरंटो येथे इन्शुलिनचा पहिला प्रयोग मनुष्यावर झाल्यानंतर ही परीक्षा रुग्णाच्या घरात शिरली. इन्शुलिनची मात्रा रोज ठरवावी लागते. ती ठरविण्यासाठी रुग्णाने घरीच मूत्र उकळून रंग पाहावा, हे बॉस्टनच्या जॉस्लिन यांच्यासारख्या चिकित्सकांनी आपल्या रुग्णांना पद्धतशीरपणे शिकविले. १९४१ मध्ये अमेरिकेतील एम्स कंपनीने क्लिनिटेस्ट नावाची गोळी आणली. ती पाण्यात व मूत्रात टाकताच उष्णता आपोआप निर्माण होई, त्यामुळे दिव्याची गरज उरली नाही. १९५६ मध्ये त्याच कंपनीत आल्फ्रेड फ्री व हेलन फ्री या दांपत्याच्या संशोधनातून क्लिनिस्टिक्स ही मूत्रात बुडविण्याची पट्टी तयार झाली.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. रुग्णाने स्वतःची परीक्षा करण्याला वैद्यकाचा सरसकट विरोध होता, असे मुळीच नाही. मूत्राची परीक्षा रुग्णाने करावी, रक्ताची मात्र प्रयोगशाळेने करावी, अशी ही कार्यविभागणी होती. रक्तातील शर्करा मोजण्याच्या फोलिन व वू यांच्यासारख्या रीती विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाअखेर प्रचारात आल्या होत्या, परंतु त्यांना प्रशिक्षित हात, अचूक काचसामान आणि वेळ लागे. आता, मूत्र जे सांगते ते उशिरा सांगते. रक्तातील ग्लुकोज सर्वसाधारणपणे दर डेसिलिटरला १८० मिलिग्रॅमच्या वर गेल्याशिवाय ते मूत्रात पुरेशा प्रमाणात उतरत नाही. मूत्राशयात साठलेले मूत्र हे मागील काही तासांचे द्योतक असते, त्या क्षणाचे नव्हे. सर्वांत घातक उणीव अशी, की शर्करा प्रमाणाबाहेर खाली गेली असता मूत्रपरीक्षा काहीच सांगत नाही. इन्शुलिन घेणाऱ्या रुग्णाला ज्या संकटाची सर्वाधिक भीती, त्याच संकटाविषयी त्याच्या हातातील साधन मुके होते.

२. दोन स्वतंत्र प्रवाह

१९६० च्या दशकात ग्लुकोजच्या मापनाचे दोन नवे प्रवाह सुरू झाले. दोहोंच्या मुळाशी एकच विकर होते, ते म्हणजे ग्लुकोज ऑक्सिडेज. काळ्या बुरशीत आढळणाऱ्या या विकराचा शोध कोपनहेगनच्या म्यूलर यांनी १९२८ मध्ये लावला होता. ऑक्सिजनच्या साहाय्याने ते ग्लुकोजचे ऑक्सिडीकरण करते आणि या क्रियेत हायड्रोजन पेरॉक्साइड निर्माण होते. इतर शर्करांकडे हे विकर जवळजवळ दुर्लक्ष करते. त्यामुळे ताम्रद्रावणाच्या परीक्षेत जी संदिग्धता होती ती येथे नाहीशी झाली.

पहिला प्रवाह रंगाचा होता. क्लिनिस्टिक्सच्या धर्तीवर एम्स कंपनीने दशकाच्या मध्यास डेक्स्ट्रोस्टिक्स ही रक्तासाठी पट्टी तयार केली. पट्टीवर रक्ताचा मोठा थेंब ठेवून बरोबर एक मिनिट थांबावयाचे, मग रक्त पाण्याने धुऊन काढावयाचे आणि उमटलेला निळसर रंग छापील रंगपट्टिकेशी ताडून पाहावयाचा, अशी तिची रीत होती. वेळ थोडी चुकली वा धुणे कमीअधिक झाले तरी निष्कर्ष बदले. शिवाय ज्यांची दृष्टी मधुमेहामुळेच मंदावली आहे त्यांना रंगांतील सूक्ष्म भेद ओळखता येत नसे. ही अडचण दूर करण्यासाठी अँटन क्लेमेन्स यांनी पट्टीवरून परावर्तित होणारा प्रकाश मोजणारे यंत्र रचले. १९७० मध्ये ते विक्रीस आले. त्याचे वजन सुमारे सव्वा किलो आणि किंमत जवळजवळ पाचशे डॉलर होती. ते दवाखान्यांसाठी व रुग्णालयांसाठी होते. रुग्णाने ते विकत घ्यावे, अशी कल्पनाच त्यामागे नव्हती.

दुसरा प्रवाह विजेचा होता. क्लार्क यांनी १९५० च्या दशकात रक्तातील ऑक्सिजन मोजणारा विद्युदग्र तयार केला होता. १९६२ च्या निबंधात त्यांनी व लायन्स यांनी असे सुचविले, की या विद्युदग्रावर पातळ पटलाच्या आड ग्लुकोज ऑक्सिडेजचा थर बसविला, तर विकराने वापरलेल्या ऑक्सिजनच्या प्रमाणावरून ग्लुकोजचे प्रमाण काढता येईल. जीवद्रव्याची निवडक ओळख आणि विद्युत्मापनाची अचूकता यांचा हा संयोग म्हणजेच जैवसंवेदकाची मूळ कल्पना होय. १९६७ मध्ये अपडाइक व हिक्स यांनी विकर जेलमध्ये बद्ध करून असा विद्युदग्र प्रत्यक्षात आणला, आणि १९७५ मध्ये ओहायोतील यलो स्प्रिंग्स इन्स्ट्रुमेंट कंपनीने पेरॉक्साइडच्या मापनावर चालणारा पहिला व्यापारी विश्लेषक विक्रीस काढला. हे यंत्र प्रयोगशाळेच्या मेजावर ठेवावयाचे होते.

मूळ निबंधाचा विषय हृदय व रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेच्या वेळी करावयाचे अखंड मापन हा होता, ही बाब सहसा नजरेआड होते. म्हणजे जैवसंवेदकाच्या जनकांसमोर जो रुग्ण होता तो शस्त्रक्रियेच्या मेजावर बेशुद्ध पडलेला होता. मापन वाचणारा शस्त्रवैद्य वा त्याचा सहायक असणार, हे त्या कल्पनेत गृहीतच होते. अशा रीतीने दोन्ही प्रवाहांचा ओघ प्रारंभी एकाच दिशेला, म्हणजे चिकित्सकाकडे होता.

३. एका रुग्णाची मागणी

या पार्श्वभूमीवर न्यू यॉर्कच्या रिचर्ड बर्नस्टीन यांची कथा केवळ रंजक उपकथा राहत नाही. तिला पुराव्याचे मोल येते. बर्नस्टीन व्यवसायाने अभियंता होते आणि वयाच्या बाराव्या वर्षापासून त्यांना मधुमेह होता. १९६९ च्या सुमारास परावर्तनमापकाची जाहिरात त्यांच्या पाहण्यात आली. रात्री रुग्णालयात आणलेला बेशुद्ध मनुष्य मद्यप्राशनाने बेशुद्ध आहे की मधुमेहाने, हे त्वरित कळावे, असा त्या यंत्राचा उपयोग सांगितला होता. रुग्णाला ते विकले जात नसे. बर्नस्टीन यांच्या पत्नी डॉक्टर असल्याने त्यांच्या नावाने ते मागविण्यात आले. अभियंत्याच्या शिस्तीने बर्नस्टीन यांनी दिवसातून अनेकदा स्वतःचे रक्त तपासून आहार व इन्शुलिन यांचा मेळ घातला, आणि आपल्या प्रकृतीत सुधारणा झाल्याचा अनुभव त्यांनी लिहून काढला. वैद्यकीय नियतकालिकांनी ते लेखन स्वीकारले नाही, असे त्यांनी स्वतः नमूद केले आहे. आपले म्हणणे ऐकले जावे म्हणून पुढे पंचेचाळिसाव्या वर्षी त्यांनी वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला.

या प्रसंगात चिकित्सकवर्गाला दोषी ठरवून मोकळे होणे सोपे आहे, परंतु ते इतिहासदृष्टीला धरून होणार नाही. रक्तशर्करा काटेकोरपणे ताब्यात ठेवल्याने दृष्टिपटल, मूत्रपिंड व मज्जातंतू यांचे विकार टळतात काय, हा प्रश्न तेव्हा खरोखरच अनिर्णीत होता. लाभ सिद्ध नसताना रुग्णाला दिवसातून चार वेळा बोट टोचावयास सांगणे, आणि शर्करा खाली आणण्याच्या प्रयत्नात मूर्च्छेचा धोका पत्करणे, हे अनेकांना अनुचित वाटले असल्यास त्यात नवल नाही. तथापि या भूमिकेत एक चक्रापत्ती दडलेली होती. काटेकोर नियंत्रणाचा लाभ सिद्ध करावयाचा तर शेकडो रुग्णांची शर्करा वर्षानुवर्षे, रोज अनेकदा, त्यांच्या घरीच मोजली गेली पाहिजे. म्हणजे पुराव्याअभावी साधन द्यावयाचे नाही, आणि साधनाअभावी पुरावा मिळावयाचा नाही, अशी ही कोंडी होती. बर्नस्टीन यांच्यासारख्या रुग्णांनी ती बाहेरून फोडली.

४. कोंडी फुटल्यानंतर

१९७८ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात इंग्लंडमधील दोन अभ्यास पाठोपाठ प्रसिद्ध झाले. एक लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयातील सोन्कसेन व सहकाऱ्यांचा, दुसरा नॉटिंगहॅम येथील वॉलफर्ड, टॅटरसल व सहकाऱ्यांचा. सामान्य रुग्ण घरी रक्तशर्करा विश्वसनीयपणे मोजू शकतात आणि त्या मापनाचा उपयोग करून नियंत्रण सुधारू शकतात, हे या अभ्यासांनी दाखविले. रुग्णाला हे जमणार नाही, हा आक्षेप त्यानंतर टिकण्यासारखा राहिला नाही.

जैवसंवेदकाच्या इतिहासातील पुढच्या घटना आता कशा वेगाने घडतात ते पाहावे. १९८१ मध्ये पुढे मेडिसेन्स या नावाने प्रसिद्धीस आलेली कंपनी स्थापन झाली. १९८४ मध्ये क्रॅनफील्ड व ऑक्सफर्ड येथील संशोधकांनी, ज्यांत कॅस, हिल, हिगिन्स व टर्नर यांचा समावेश होता, एक निर्णायक निबंध प्रसिद्ध केला. क्लार्क यांच्या रीतीत विकराकडून मिळणारे इलेक्ट्रॉन ऑक्सिजन स्वीकारत असल्याने नमुन्यातील ऑक्सिजनच्या चढउताराचा परिणाम मापनावर होई. नव्या रीतीत ऑक्सिजनऐवजी फेरोसीन या लोहयुक्त संयुगाचा मध्यस्थ म्हणून उपयोग केला होता. तो विकराकडून इलेक्ट्रॉन घेऊन विद्युदग्राला देतो. मध्यस्थाने युक्त असे कार्बनचे विद्युदग्र छपाईच्या तंत्राने पट्टीवर उमटविता येतात व एकदा वापरून टाकून देता येतात. १९८७ मध्ये एक्झॅकटेक हे लेखणीच्या आकाराचे उपकरण या तत्त्वावर विक्रीस आले. त्यात रक्त धुण्यापुसण्याची गरज नव्हती, रंग ताडून पाहावयाचे नव्हते, आणि अर्ध्या मिनिटात अंक दिसत असे.

आधी मागणी सिद्ध झाली आणि नंतर साधन आले, एवढ्या कालक्रमावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे मान्य केले पाहिजे. तथापि उपकरणाची घडण हाही एक पुरावाच असतो. टाकाऊ पट्टी, पुसण्यापासून मुक्ती, रंगाऐवजी अंक, लेखणीचा आकार, यांपैकी एकही गुण प्रयोगशाळेतील तंत्रज्ञाला आवश्यक नव्हता. स्वयंपाकघरात, कचेरीत वा प्रवासात एकट्याने मापन करणाऱ्या मनुष्यासाठीच ते सर्व गुण योजलेले होते. १९६२ च्या कल्पनेतील बेशुद्ध रुग्णाची जागा १९८७ मध्ये जागृत रुग्णाने घेतली होती. हा वापरणारा मनात निश्चित झाल्याखेरीज त्या उपकरणाची रचना सुचणेच कठीण होते.

ज्या प्रश्नावर सारा वाद अडला होता त्याचे उत्तर १९९३ मध्ये मिळाले. अमेरिका व कॅनडा येथील १४४१ रुग्णांवर, सरासरी साडेसहा वर्षे चाललेल्या मधुमेह नियंत्रण व उपद्रव चाचणीचे निष्कर्ष त्या वर्षी प्रसिद्ध झाले. प्रारंभी दृष्टिपटलविकार नसलेल्या रुग्णांत काटेकोर उपचाराने तो विकार उद्भवण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. शर्करा गंभीर प्रमाणात खाली जाण्याचे प्रसंग मात्र सुमारे तिप्पट झाले. म्हणजे आशा धरणारे आणि भीती व्यक्त करणारे असे दोन्ही पक्ष आपापल्या परीने खरे ठरले. काटेकोर उपचाराच्या गटातील रुग्ण दिवसातून किमान चार वेळा स्वतःची रक्तशर्करा मोजत असत. १९८३ मध्ये ही चाचणी सुरू होऊ शकली, ती घरच्या मापनाची प्रथा तोवर रुजली होती म्हणूनच.

५. झाकलेला अंक

१९८७ नंतर मापनाचा अधिकार कायमचा रुग्णाकडे गेला, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. पुढील इतिहास त्याला पुष्टी देत नाही. कातडीखालील ऊतकद्रवातील ग्लुकोज सतत मोजणाऱ्या पहिल्या उपकरणाला अमेरिकेत १९९९ मध्ये मान्यता मिळाली. ते तीन दिवस मापन साठवून ठेवी, परंतु रुग्णाला अंक दाखवीत नसे. नोंद पुढे चिकित्सकाने वाचावयाची होती. तंत्र नवे होते, पण रचनेत १९७० चाच विचार परत आला होता. रुग्णाला तत्क्षणी अंक दाखविणारी सातत्यमापके पुढील दशकात आली. बोट टोचून पडताळणी करण्याची गरज नसलेले उपकरण युरोपात २०१४ मध्ये आणि अमेरिकेत २०१७ मध्ये उपलब्ध झाले. मुलाच्या शरीरावरील संवेदकाचे अंक दूर बसूनही दिसावेत म्हणून २०१३ च्या सुमारास काही पालकांनी, कंपन्यांची वाट न पाहता, स्वतःच संगणक-आज्ञावली रचल्या. त्यातून नाइटस्काउट ही खुली व्यवस्था उभी राहिली. उपकरण चिकित्सकासाठी घडते, रुग्ण ते आपल्याकडे ओढून घेतो आणि त्यानंतर ते रुग्णासाठी घडू लागते, असा क्रम येथे पुन्हा दिसतो. चिकित्सकाच्या चिठ्ठीविना मिळणाऱ्या सातत्यमापकाला अमेरिकेत २०२४ मध्ये मिळालेली परवानगी ही त्या क्रमातील अलीकडची पायरी होय.

अंक हाती आला म्हणजे ज्ञान हाती आले, असेही समजू नये. बेनेडिक्टच्या नळीतील रंग कसा पालटतो ते रुग्ण डोळ्यांनी पाहत असे. पट्टीच्या आत काय घडते ते त्याला दिसत नाही. २००९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने दिलेला इशारा या संदर्भात विचारात घेण्यासारखा आहे. काही पट्ट्यांत ग्लुकोज ऑक्सिडेजऐवजी वापरलेले दुसरे विकर ग्लुकोज व माल्टोज यांत भेद करू शकत नसे. उदरपटलमार्गे डायालिसिस करताना वापरल्या जाणाऱ्या आयकोडेक्स्ट्रिन या द्रव्यापासून शरीरात माल्टोज निर्माण होते. अशा रुग्णांत उपकरण शर्करा प्रत्यक्षाहून पुष्कळ अधिक दाखवी, आणि त्या अंकावर विसंबून इन्शुलिन दिले गेल्यास परिणाम प्राणघातक होई. १९९७ ते २००९ या काळात अशा पट्ट्यांशी निगडित १३ मृत्यूंची नोंद प्रशासनाकडे झाली होती. यांतील बरेच रुग्ण रुग्णालयात, चिकित्सकांच्या देखरेखीखालीच होते. म्हणजे उपकरणाच्या मर्यादा ठाऊक असणे ही केवळ रुग्णाचीच नव्हे, तर सर्वांचीच गरज आहे.

६. उपसंहार

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भारतात २०२१ मध्ये सुमारे १० कोटी १० लक्ष लोकांना मधुमेह होता. २०१० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तीस वर्षांवरील व्यक्तींची ग्लुकोमीटरने तपासणी करण्याची तरतूद खेड्यांतील उपकेंद्रांपर्यंत नेण्यात आली. चाळणी-तपासणीसाठी ही तरतूद अत्यंत इष्ट आहे. परंतु अशा तपासणीत अंक प्रथम नोंदवहीत जातो. त्या अंकाचा अर्थ काय आणि उद्या आपण काय करावयाचे, हे रुग्णापर्यंत पोहोचतेच असे नाही. पट्टी एकदाच वापरता येत असल्याने नित्य मापनाचा खर्चही नित्य करावा लागतो, आणि जो तो करू शकत नाही त्याची स्थिती मूत्रपरीक्षेच्या काळातील रुग्णाहून फारशी निराळी राहत नाही.

तात्पर्य, ग्लुकोजच्या जैवसंवेदकाचा इतिहास लिहिताना १९६२ व १९८७ या दोन सनांच्या मध्ये १९७८ हा सन घातला पाहिजे. त्या वर्षी कोणतेही नवे उपकरण निर्माण झाले नाही. रुग्ण हा मापन करणारा असू शकतो, एवढेच मान्य झाले. अन्य रोगांसाठी रुग्णाच्या उशाशी वापरावयाची जैवसंवेदके आज घडविली जात आहेत. त्यांच्या अभ्यासकाने संवेदनक्षमता, वेग व किंमत यांच्या जोडीला आणखी एक प्रश्न प्रारंभीच विचारावा : या उपकरणाचा अंक कोणी वाचावयाचा आहे, आणि तो वाचून काय करावयाचे हे त्याला कोण शिकविणार आहे? ग्लुकोजच्या बाबतीत हा प्रश्न अभ्यासकांआधी एका रुग्णाने विचारला, आणि त्याचे उत्तर मिळेपर्यंतच्या काळात ज्यांची दृष्टी गेली त्यांना ते उत्तर उशिराच मिळाले.